बाबांसाठी इंग्रजी शब्द

घाटंजीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, मी इंग्रजीचे क्लास घेते. समोर बसलेली मुलं-मुली पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांच्या मागे लागलेली असतात. त्यांचं प्रेम इंग्रजीवर नसतं, मार्कांवर असतं, आणि ते मला चालतं. अभ्यासक्रमात एक प्रकरण येतं, त्याला मुलं 'साहेबांचे शब्द' म्हणतात. दुसऱ्यावर हुकूम गाजवणारी माणसं, आणि ज्यांना विचारणारं वर कोणीच नाही असे राज्यकर्ते, यांच्यासाठीचे ते इंग्रजी शब्द. सुरुवात होते बॉसी, ओव्हरबेअरिंग, हाय-हँडेड अशा घरगुती शब्दांनी आणि गाडी जाते ऑटोक्रॅट, डिक्टेटर, डेस्पॉट, टायरंटपर्यंत. नुसतं घोकून हे शब्द डोक्यात राहत नाहीत. म्हणून माझा एक नियम आहे. प्रत्येक शब्दाला ओळखीचा एक माणूस जोडायचा आणि त्याच्यावर वाक्य करायचं.

त्या दिवशी वर्गात नुसती धमाल असते. एकीचा भाऊ बॉसी निघतो, कारण टीव्हीचा रिमोट तो उशाखाली घेऊन झोपतो. कोणाचा काका हाय-हँडेड, कोणाची सासू ओव्हरबेअरिंग. मागे एकदा जवळच्या तांड्यावरून येणाऱ्या मुलीनं आपल्या आजीला डेस्पॉट करून टाकलं. आजीला विचारल्याशिवाय आमच्याकडे कोंबडीसुद्धा अंडं देत नाही, असं तिचं वाक्य होतं, आणि इंग्रजीत ते अगदी बरोबर होतं. सगळे हसले, मीही हसले. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरचं कोन?"

मी फळा पुसायला घेतला. तिला खरं उत्तर द्यायचं तर तास पुरला नसता.

माझे बाबा याच बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गावात त्यांना सगळे कंट्रोलर साहेब म्हणत. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार आणि केव्हा सुटणार, हे ते जाळीच्या खिडकीआड बसून ठरवायचे आणि माईकवरून पुकारायचे. माईकवरचं त्यांचं मराठी पुस्तकी असायचं. प्रवाशांनी नोंद घ्यावी, गाडी सुटण्याच्या मार्गावर आहे, असं. घरी आले की "पानी आन" एवढंच. आमचं घर इतकं जवळ की भोंग्यातून त्यांचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. त्यामुळे ते ड्युटीवर असले तरी घरातच असायचे.

घरात ते म्हणतील ती पूर्व दिशा. सकाळी निघताना भाजी सांगून जायचे. वांगी म्हणाले आणि बाजारात वांगी नसली, तर आई दुसरी भाजी करायची नाही, मला गावभर वांग्यांच्या शोधात पिटाळायची. माझी वेणी किती घट्ट, आईच्या साडीचा रंग कोणता, पाहुण्याला चहा द्यायचा की नुसतं पाणी, सगळं त्यांच्याकडून यायचं. मारलं त्यांनी कधीच नाही. त्यांचं एकच वाक्य होतं, "मले इचारलं काय?" ते ऐकलं की आईच्या हातातलं काम तिथल्या तिथे थांबायचं. एकदा तिनं त्यांना न विचारता अंगणातला कढीपत्ता छाटला, तर पुढे कित्येक दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. झाड वाढलं तेव्हा बोलले.

आणि आई? या विषयावर तिच्याकडे एकच शब्द होता. "कडक हायेत ते." संपलं.

इंग्रजी शिकायचा हुकूमही बाबांचाच. त्यांना स्वतःला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, पण यवतमाळहून जाडजूड डिक्शनरी आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि सांगितलं, दर आठवड्याला एक पान. संध्याकाळी ते खुर्चीत बसायचे, डिक्शनरी मांडीवर, बोट शब्दावर. मी समोर उभी राहून स्पेलिंग म्हणायचे, ते अक्षर अक्षर बोटानं पुढे सरकवायचे. 'ए'च्या पानांत ऑटोक्रॅट आला. मी स्पेलिंग म्हटलं. बोट शेवटच्या अक्षरावर थांबलं. "बराबर. अर्थ?"

"एकटाच राज्य करणारा. कोणाला न विचारता."

त्यांनी मान हलवली. "पुढचा."

पुढे 'डी' आला तेव्हा मी मोठी झाले होते आणि नाकावर राग घेऊन फिरत होते. डेस्पॉट, डिक्टेटर हे शब्द मी त्यांच्या तोंडावर चावून चावून म्हटले. बाबा शांतपणे बोट सरकवत राहिले. मला वाटलं, काय सूड घेतला मी! नंतर चुलीशी आईनं हळूच विचारलं, "त्या सबदाचा अर्थ खरंच तो हाय काय, तू सांगतला तो?"

"हो."

"तसं म्हनू नाही बाई. कडक हायेत, बस."

खरं सांगायचं तर मलाही त्यांच्या मापाचा शब्द सापडला नाही. मार्टिनेट म्हणजे शिस्तीपुढे माणूस न पाहणारा. तो त्यांना स्टँडवर बसायचा. आमदाराचा भाऊ आला तरी ते गाडी थांबवत नसत. पण माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी मी कागद घरी विसरले. तेव्हा हाच माणूस खिडकीतून उठून यवतमाळच्या गाडीच्या इंजिनासमोर जाऊन उभा राहिला. मी धावत घरी गेले, कागद घेऊन धावत आले, तोवर ते हलले नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि बाबा त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. त्या दिवसासाठी मी कोणता शब्द फळ्यावर लिहू? मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत, पण त्या एका बाबतीत त्यांनी कधी हुकूम सोडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मात्र आईच्या बाबतीत त्यांनी जे केलं त्याला टायरंटपेक्षा सौम्य शब्द मी लावणार नाही.

आईला एकच बहीण, धाकटी, पांढरकवड्याजवळ केळापूरला दिलेली. आईबाप लवकर गेले, म्हणून मावशीला आईनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. मावशीच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्न लागलं की जेवणाआधी एक कार्यक्रम असतो. कोणीतरी माईक घेतो आणि मानाच्या पाहुण्यांची नावं एकेक करून पुकारतो. नाव आलं की पुढे जायचं, शेला-टोपी घ्यायची, नारळ घ्यायचा. आधी मामा, मग मोठा जावई, मग धाकटा, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो आणि तो चुकला की वर्षानुवर्षं अबोला चालतो. त्या दिवशी माईक मावशीच्या एका उत्साही पुतण्याच्या हातात होता. ऐनवेळी मंडपात तालुक्याचे कोणी पुढारी शिरले. त्यांची, त्यांच्या सोबत्यांची, सोबत्यांच्या सोबत्यांची नावं पुकारता पुकारता त्या पुतण्याचं भान सुटलं. जेवणाच्या पंगती बसल्या. मावशीच्या माहेरच्या थोरल्या जावयाचं, माझ्या बाबांचं, नाव राहूनच गेलं.

ज्या माणसानं जन्मभर एक गाडी पुकारायची चुकवली नाही, त्याला पुकारायचं राहिलं. हे त्यांना किती लागलं असेल ते मला आज कळतं. तेव्हा मी नुसती घाबरले होते. ते सरळ मांडवाच्या टोकाला गेले, पुतण्याच्या हातातून माईक घेतला आणि स्टँडवरच्या त्याच आवाजात म्हणाले, "घाटंजीला जाणारे पाहुणे निघत आहेत. सर्वांनी नोंद घ्यावी."

काही लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे.

मावशी शेला आणि नारळ घेऊन धावत आली. रडत होती, पाया पडत होती. "भाऊजी, पोट्टा चुकला. घोटभर पानी तरी घ्या." आई पंगतीत बसली होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, ओठांपर्यंत आलेला. बाबांनी तिच्याकडे बोट केलं. "या घरचं पानी आजपासून बंद. माह्यंबी, तिचंबी."

आईनं पेला खाली ठेवला. त्यातलं पाणी हललं तेवढं मला दिसलं. मग ती उठली आणि त्यांच्या मागे चालू लागली.

त्यानंतर ती केळापूरला गेली नाही. मावशीनं सुरुवातीला कंडक्टरच्या हाती बोरं पाठवली, कुरड्या पाठवल्या, तुरीच्या शेंगा पाठवल्या. गाडी स्टँडवर आली की पिशवी बाबांच्या खिडकीत यायची आणि त्याच गाडीनं परत जायची. त्यातलं एक बोरसुद्धा कधी काढून घेतलं नसेल त्यांनी, इतके ते प्रामाणिक. हळूहळू पिशव्या बंद झाल्या. पण रोज त्यांचाच आवाज भोंग्यातून यायचा, "घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." आई गॅस बारीक करायची, फोडणीचा आवाज आड येऊ नये म्हणून, आणि गाडी सुटेपर्यंत ऐकत राहायची. मग गॅस मोठा करायची.

मी तिला भडकवायचे. म्हणायचे, फोन कर, तू जाऊन ये, मी सांभाळते इकडचं. फोनला ती हात लावायची नाही. ती म्हणायची, "गाडी त्यांच्याच समोरून सुटते न बाई." आणि ते खरंच होतं. गावातून बाहेर जायचा तिचा रस्ता त्या खिडकीसमोरूनच होता.

बाबा निवृत्त झाले, मग खुर्चीत बसून तिथूनच भोंगा ऐकायचे आणि नव्या कंट्रोलरच्या चुका काढायचे. एका दुपारी छातीत दुखलं आणि ते गेले. मी इतकी रडेन असं मला वाटलं नव्हतं. खाकी कव्हरची ती डिक्शनरी मी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना मी लावलेले सगळे शब्द तिच्यातच होते आणि ती त्यांनीच आणून दिली होती.

मयतीला मावशी आली. केस पिकलेले, पाठीत वाकलेली. ती अंगणात बायकांमध्ये बसली. मी तिला आत ये म्हटलं, तर ती आईकडे पाहायला लागली. दोघींची नजर भेटली. आईनं पदर तोंडाला लावला, पण ये म्हटलं नाही. कोणी पाणी दिलं ते मावशीनं घेतलं नाही. दुपारच्या गाडीनं ती परत गेली, आणि त्या वेळी भोंग्यातून गाडी पुकारली तेव्हा पुकारणारा आवाज दुसऱ्याच कोणाचा होता.

गेल्या वर्षी मावशीच्या मुलाचा फोन आला. तो यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात आहे. मावशीच्या पोटात गाठ होती, आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "ताई, आई एकच गोठ धरून बसली हाय. मोठ्या मावशीले एकडाव पायतो म्हनते."

मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "पाहू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही पाहू. तिसऱ्यांदा पाहू म्हणाली तेव्हा माझं डोकं फिरलं. "काय पाहू? काहून जात नाहीस तू? बाबा आता नाहीत!"

"मले मालूम हाय नाहीत म्हनून," आई म्हणाली. "तेच तं सांगून राह्यली मी तुले. त्यायनं बंद केलतं. खोललं असतं तं त्यायनंच खोललं असतं. आता कोन खोलीन?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, बाबा गेले की दार आपोआप उघडेल. तिच्या हिशेबी ते कायमचं लागलं होतं. हुकूम देणारा जिवंत असेपर्यंत निदान तो मागे घ्यायची आशा होती. मी वर्गात शिकवते की डेस्पॉटचं राज्य त्याच्याबरोबर संपतं. आमच्या स्वयंपाकघरात ते संपलेलं नव्हतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं आपण केळापूरला जातोय," मी म्हटलं. "मी सांगते म्हणून. पिशवी भर."

"बरं," आई म्हणाली.

मला दुसऱ्यांदा सांगावंच लागलं नाही. ती उठली, लुगडं काढलं, घडी केली आणि मला विचारलं, "हे नेसू का ते?" मी दुपारी भरून पावल्यासारखी फिरत होते, माझ्यामुळे जमलं म्हणून. संध्याकाळी तोंड धुताना कळलं की तिचं ते बरं मला उद्देशून नव्हतंच. माझ्या तोंडून जो आवाज निघाला होता त्याला म्हटलं. मग मी फार रडले, नळ चालू ठेवून.

गाडीत तिनं खिडकीची जागा घेतली नाही, मी दिली तरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी फुलली होती. पांढरकवड्याहून आम्ही रिक्षा केली. मावशीच्या दाराशी आई थबकली आणि माझ्याकडे पाहायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती आत गेली.

मावशी बाजेवर होती. तिचं जे उरलं होतं ते पांघरुणाखाली दिसतही नव्हतं. आई बाजेशी खाली बसली आणि दोघी नुसत्या एकमेकींचे हात चाचपत राहिल्या. मावशीची सून पाणी घेऊन आली. स्टीलचा पेला. आईनं तो घेतला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबली. मग मान वळवून मला म्हणाली, "पेऊ?"

पी, हा शब्द माझ्या तोंडात आला होता. मी तो गिळला. मला वाटलं, एवढं तरी तिनं स्वतःहून करावं. या घोटावर तरी कोणाचा हुकूम नको. मी खाली फरशीकडे पाहत उभी राहिले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पेल्यातलं पाणी हलताना दिसत होतं.

बाजेवरून मावशीचा आवाज आला, अगदी बारीक. "ताई, पे. मी सांगतो."

जन्मात कोणाला काही न सांगितलेली ती बाई. आई प्यायली. सगळा पेला प्यायली, घसा हलताना दिसत होता. मग रिकामा पेला मांडीवर धरून ओक्साबोक्शी रडली. "इतक्या सालांचं पानी," एवढंच तिला म्हणता आलं. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत होती, लहानपणी आईनं तिच्या फिरवला असेल तसा. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. कापूस वेचणीला यायच्या आत मावशी गेली.

हे सगळं मी त्या तांड्यावरच्या मुलीला सांगितलं नाही. ती आता भरती होऊन नागपूरला गेली. वर्गात ते प्रकरण आलं की मी अजूनही तीच वाक्यं करून घेते. दबलेल्या माणसासाठी इंग्रजीत शब्द नाहीत असं नाही. मीक आहे, सबमिसिव्ह आहे. पण आई तशी दबली नव्हती. दिलेला हुकूम ती पाळत राहिली, देणारा गेल्यावरही, आणि त्यात तिची बहीण संपली. याला काय म्हणायचं ते मला कोणत्याच पुस्तकात मिळालं नाही, आणि खरं तर आता शोधतही नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी आई स्वयंपाकघरात होती. भोंग्यातून पांढरकवड्याची गाडी पुकारली. तिनं सवयीनं गॅस बारीक केला. मी दारात उभी होते. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जाऊन येऊ काय मी?"

"कोणाकडे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं ओट्यावरून हात फिरवला. "कोनाकडे नाही. निसतं जाऊन येतो."

जा म्हणायचं मी टाळलं. मायेनं म्हटलं, "तुझं तू ठरव, आई."

ती तशीच उभी राहिली, एक हात गॅसच्या बटनावर, एक ओट्यावर. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला, गाडी फलाटावरून मागे आली, वळली. आवाज मोठा झाला, मग लांब गेला, मग नाहीसा झाला. आईनं गॅस मोठा केला.

"भाजी कायची करू?" तिनं मला विचारलं.